गेमिंग कन्सोलमधली नवलाई: काय टिकते, काय विरते आणि का

नवा गेमिंग कन्सोल बाजारात येतो तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एखादी अशी सोय येते, जी आधीच्या कुठल्याच यंत्रात नव्हती. कधी एकाऐवजी दोन पडदे असतात, कधी बटणे सोडून हवेत हात फिरवायचा असतो, कधी चष्म्याशिवाय चित्राला खोली दिसते, तर कधी बोटाखालचा, बंदुकीच्या चापासारखा ट्रिगर उलटा जोर लावतो. जाहिरातीत या सगळ्या सोयी सारख्याच तोलाच्या असतात. पाच-सात वर्षे लोटल्यावर मात्र काहींची आठवणही उरलेली नसते, आणि काही इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या कधी काळी नव्या होत्या हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. इंदूरमध्ये जेल रोडच्या बाजारात मुलांबरोबर चौकशीला आलेले आई-वडील दुकानदाराला हेच विचारत असतात, की यातले कामाचे किती आणि दिखाव्याचे किती. प्रश्न रास्त आहे, कारण प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि नुसत्या जादाच्या कंट्रोलरला ५,९९० रुपये पडत होते.

माझे मत असे आहे, की सुटा भाग हातात घेऊन या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तोच सेन्सर, तीच मोटर, तीच काडी एका काळात फसते आणि दुसऱ्या काळात तिच्यावाचून कुणाचे चालत नाही. सोय टिकायची असेल तर दोन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. खेळणाऱ्याला त्या सोयीमुळे असे काही जमले पाहिजे जे आधी जमत नव्हते. आणि गेम बनवणाऱ्याला ती सोय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात आहेच, असे गृहीत धरता आले पाहिजे. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येते. दुसरीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, आणि बहुतेक सोयी दुसरीवरच आपटतात.

आज प्रत्येक कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन लहान काड्या असतात, ज्यांना ॲनालॉग स्टिक म्हणतात. अशी स्टिक १९८२ च्या अटारी ५२०० या कन्सोलला होती आणि ती सपशेल फसली. सोडल्यावर ती आपोआप मधोमध परत येत नसे हा तिचा मोठा दोष होता. पण ती निर्दोष असती तरी त्या काळच्या गेमना तिचा उपयोग नव्हता. चक्रव्यूहातून वाट काढायची तर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे एवढ्या चारच दिशा लागतात, आणि तिथे ‘किती’ या प्रश्नाला अर्थच नसतो. त्याच वर्षी निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी डाँकी काँग या हातात मावणाऱ्या गेमसाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे चपटे बटण तयार केले. १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलवर तेच आले आणि पुढची बारा-तेरा वर्षे सगळ्या कंपन्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. मग १९९६ मध्ये निन्टेन्डो ६४ आला आणि त्याच्यासोबत सुपर मारिओ ६४ हा त्रिमितीय गेम आला. आता मारिओला मोकळ्या मैदानात कुठल्याही कोनात जायचे होते, आणि झोपलेल्या शत्रूच्या बाजूने जाताना चोरपावलांनी चालायचे होते. दिशेबरोबर प्रमाणही सांगायची गरज पहिल्यांदाच निर्माण झाली, आणि काडी किती ढकलली हे मोजणारी स्टिक त्या गरजेला नेमकी पुरी पडली. शिवाय ती त्या कन्सोलच्या प्रत्येक कंट्रोलरवर होती, त्यामुळे ती नसलेल्या गिऱ्हाइकाचा विचार करण्याची वेळ कुठल्याच गेमवर आली नाही. चौदा वर्षांपूर्वी निरुपयोगी ठरलेली वस्तू त्रिमितीय जग आल्याबरोबर अटळ झाली.

कंपनाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९७ मध्ये निन्टेन्डोने स्टार फॉक्स ६४ या गेमबरोबर रंबल पॅक नावाची डबी विकायला काढली. कंट्रोलरच्या पोटातल्या खाचेत ती बसवायची, तिला दोन बॅटरी वेगळ्या घालायच्या, आणि खाच एकच असल्यामुळे खेळाची प्रगती जपणारे मेमरी कार्ड बाहेर काढायचे. अनुभव सुखद होता, पण गेम बनवणारा त्यावर काही बेतू शकत नव्हता, कारण डबी कुणी घेतली होती आणि कुणी नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी सोनीने जपानमध्ये ड्युअलशॉक कंट्रोलर आणला आणि कंपनाच्या दोन मोटरी त्याच्या मुठींमध्येच बसवून टाकल्या, एक मोठी आणि एक लहान. तंत्र तेच राहिले, बदलली ती फक्त जागा. आणि सुट्या डबीतून मुठीत आल्यामुळे कंपन हा कायमचा भाग झाला. सुटा विकत घ्यावा लागणारा भाग का रुजत नाही, याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. सोय थोड्यांकडे असते म्हणून तिच्यासाठी गेम निघत नाहीत, आणि गेम निघत नाहीत म्हणून ती आणखी कुणी घेत नाही.

जेल रोडलाच एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर मी जुना आणि नवा असे दोन्ही कंट्रोलर उघडलेले पाहिले आहेत. जुन्यातली मोटर खेळण्यातल्या गाडीत असते तशीच साधी, फक्त तिच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखे धातूचे वजन एका बाजूला कललेले. मोटर फिरली की ते वजन सगळ्या कंट्रोलरला आपल्याबरोबर ओढते, आणि त्या ओढाताणीलाच आपण कंपन म्हणतो. ही मोटर वेग घ्यायला आणि थांबायला क्षणभर वेळ घेते, त्यामुळे तिला जोरात आणि हळू यापलीकडे फारसे बोलता येत नाही. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये तिच्या जागी लाउडस्पीकरच्या तत्त्वावर चालणारे दोन भाग असतात: विजेचा प्रवाह बदलेल तसे वजन पुढे-मागे सरकते, आणि ते जवळजवळ तत्काळ सुरू होते, तत्काळ थांबते. म्हणून पावसाचे थेंब आणि वाळूवरची पावले हाताला वेगवेगळी कळतात. ट्रिगरच्या पाठीमागे लहानशी मोटर आणि मळसूत्री गिअर असतो. तो एक दांडी पुढे सरकवतो, आणि ट्रिगर दाबताना बोटाला जो अडथळा जाणवतो तो या दांडीचा. काम इतके नाजूक आहे की ते पाहताना बनवणाऱ्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हा ट्रिगर टिकेल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याकडे मी पुढे येतो.

कंपनाची गरज किती खरी होती, याची परीक्षा २००६ मध्ये आपसूकच झाली. इमर्शन या कंपनीबरोबर पेटंटचा खटला चालू असताना सोनीने प्लेस्टेशन ३ बाजारात आणला, आणि त्याच्या सिक्सॅक्सिस कंट्रोलरमध्ये कंपन नव्हते. त्याऐवजी कंट्रोलर कलता केला की ते ओळखणारा सेन्सर होता. एक सोय गेली आणि त्याच जागी दुसरी आली, असा प्रयोग एरवी कुणी मुद्दाम करणार नाही. पुढच्याच वर्षी समझोता झाला आणि कंपन असलेला ड्युअलशॉक ३ आला. कलण्याचा सेन्सर काढला गेला नाही, पण त्याच्यावर बेतलेले गेम झपाट्याने आटले. लेअर नावाच्या गेममध्ये ड्रॅगन कंट्रोलर कलवूनच उडवावा लागे. त्यावर इतकी टीका झाली की २००८ मध्ये स्टिकने उडवण्याची सोय अपडेटमधून द्यावी लागली. कंपन खेळणाऱ्याकडून काहीच मागत नाही, ते फक्त बातमी देते, म्हणून त्याची सवय लागते. कलवणे मात्र खेळणाऱ्याकडून नवी मेहनत मागते, आणि त्या मेहनतीचा मोबदला स्टिकपेक्षा कमी अचूकतेत मिळत असेल तर हात आपोआप स्टिककडे वळतो.

इथेच निन्टेन्डो वी या कन्सोलचा विचार करावा लागतो, कारण २००६ मध्ये आलेल्या या यंत्राने हालचालीवर खेळण्याची लाट आणली आणि त्याचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच्या रिमोटमध्ये वेगातला बदल मोजणारा ॲक्सिलरोमीटर होता आणि टोकाला इन्फ्रारेड प्रकाश पाहणारा कॅमेरा होता. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणत असले तरी ती काही पाहत नसे. तिच्या दोन टोकांना अदृश्य प्रकाशाचे दिवे असत आणि पाहण्याचे काम रिमोट करी. त्या पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या तरी रिमोट चालतो. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे टेनिस खेळू लागले, आणि ज्यांनी कधी कंट्रोलर हातात धरला नव्हता त्यांना बटणे शिकावी लागली नाहीत. हे यश खरे होते आणि त्याला हलके लेखणे अन्यायाचे होईल.

तरीही पुढच्या काही वर्षांत ही लाट ओसरली. ॲक्सिलरोमीटरला झटका कळतो, पण हात नेमका कुठल्या वाटेने फिरला हे कळत नाही. त्यामुळे टेनिसचा पूर्ण हात फिरवला काय आणि सोफ्यावर रेलून नुसते मनगट उडवले काय, चेंडू तसाच जातो. मुलांच्या हे लवकर लक्षात येते. एकदा ते लक्षात आले की हातवारा उरत नाही, उरते ते एक बटण, तेही खऱ्या बटणापेक्षा संथ आणि कमी भरवशाचे. इतर कंपन्यांच्या कितीतरी गेमनी तर सरळ एखाद्या बटणाचे काम काढून रिमोट झटकण्यावर टाकले होते. २००९ मध्ये निन्टेन्डोने फिरण्याची दिशा मोजणारा जायरोस्कोप मोशनप्लस या जोडणीतून दिला, पण तो पुन्हा सुटा भाग होता आणि रंबल पॅकचे दुखणे त्यालाही लागले.

हालचालीचे नियंत्रण नव्याचे नऊ दिवस ठरले, असा निकाल तेव्हा अनेकांनी दिला, आणि नेमका तोच निकाल मला घाईचा वाटतो. आज इंदूरच्या भंवरकुआँ भागात, जिथे स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि मुलांची वसतिगृहे आहेत, तिथे संध्याकाळी चहाच्या टपरीवर बीजीएमआय हा गोळीबाराचा मोबाइल गेम खेळणारी मुले पाहावीत. दोन्ही अंगठे काचेवर असतात, आणि तरी फोन सारखा एखाद-दोन अंश वर, खाली, डावीकडे कलत असतो. बंदूक सलग चालवली की तिचा नेम वर वर सरकत जातो, आणि फोन किंचित कलवून ही मुले तो जागेवर धरून ठेवतात. सेटिंगमध्ये जायरोस्कोप नेहमी चालू ठेवायचा की फक्त दुर्बिणीतून पाहताना, असा पर्याय असतो, आणि त्यावर या मुलांच्या गंभीर चर्चा चालतात. नवा फोन घेताना त्यात जायरोस्कोप आहे का, हे ती दुकानात आधी विचारून घेतात, कारण स्वस्त फोनमध्ये तो अनेकदा गाळलेला असतो. ज्या जातीच्या सेन्सरची कन्सोलवर पोरखेळ म्हणून हेटाळणी झाली, तोच सेन्सर इथे चुरशीने खेळणाऱ्यांचे मुख्य हत्यार झाला आहे.

फरक कशाने पडला, हे नीट पाहण्यासारखे आहे. कन्सोलच्या कंट्रोलरवर बटणांची उणीव नव्हती, म्हणून हालचाल ही आहे त्या गोष्टीची पर्यायी आणि वाईट आवृत्ती ठरली. फोनवर परिस्थिती उलट आहे: नियंत्रणासाठी दोनच अंगठे असतात, आणि त्यांनी पडदा झाकला जातो तो वेगळाच. फोन कलवणे हे जणू तिसरे बोट आहे, जे काच झाकत नाही आणि अंगठ्याने जमत नाही अशी बारीक दुरुस्ती करते. मोठी दिशा अंगठ्याने, बारीक नेम कलण्याने, अशी कामाची वाटणी झाली की हातवाऱ्यांचा देखावा संपतो आणि उरते ती अचूकता. निन्टेन्डोच्या स्प्लॅटून या गेमने २०१५ मध्ये हीच वाटणी कन्सोलवर करून दाखवली होती. वीच्या जाहिरातीत दाखवलेला उपयोग विरून गेला, आणि सेन्सर मात्र ज्या कामासाठी तो कुणी घेतला नव्हता त्या कामात रुजला. मला हा प्रकार इतक्या वेळा दिसतो की नव्या सोयीचा पहिला उपयोग हा बहुधा शेवटचा उपयोग नसतो, असे धरून चालणे मला जास्त सुरक्षित वाटते.

काइनेक्टचेही तेच झाले, फक्त त्याचे दुसरे घर गेमिंगच्या बाहेर सापडले. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या या कॅमेऱ्याचे पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले आणि गिनीजने त्या वेगाची विक्रम म्हणून नोंद केली. हातात काहीही न धरता, नुसत्या शरीराने खेळायचे, ही कल्पनाच मोहक होती. कॅमेरा खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी टाकी, समोरच्या माणसावर ठिपके कसे सरकले यावरून अंतर मोजी आणि त्यातून हातापायांचा सांगाडा ओळखी. त्यासाठी कॅमेऱ्यापासून जवळजवळ सहा फूट मोकळी जागा लागे, आणि दोघांना खेळायचे तर आठ. रामबागेतल्या जुन्या घरांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट आणि टीव्ही मांडल्यावर आठ फूट मोकळी जमीन कुठून आणायची? जपानमधल्या आणि युरोपातल्या लहान घरांचीही हीच अडचण होती. शिवाय प्रत्यक्ष हालचाल आणि पडद्यावरची हालचाल यांत जाणवण्याइतका उशीर होता, आणि हाताला काहीच लागत नसल्यामुळे दार उघडले की नाही हे डोळ्यांनीच पाहावे लागे.

२०१३ च्या एक्सबॉक्स वनबरोबर मायक्रोसॉफ्टने काइनेक्ट सक्तीने पेटीत घातला. मघाशी सांगितलेली दुसरी अट पुरी व्हावी, प्रत्येकाकडे तो असावा, हा हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यामुळे अमेरिकेत कन्सोलची किंमत ४९९ डॉलर झाली, प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन ४ ची होती ३९९ डॉलर, आणि ज्या सोयीने पहिली अटच पुरी केलेली नाही तिच्यासाठी शंभर डॉलर जादा द्यायला लोक तयार झाले नाहीत. २०१४ च्या जूनमध्ये काइनेक्टविना ३९९ डॉलरचा एक्सबॉक्स विक्रीला आला आणि २०१७ मध्ये काइनेक्टचे उत्पादनच थांबले. पहिल्या काइनेक्टमागचे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे होते; ॲपलने ती कंपनी २०१३ मध्ये विकत घेतली, आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहऱ्यावर तीस हजारांहून अधिक अदृश्य ठिपके टाकून मालकाला ओळखणारी व्यवस्था आली. तिथे खोली मोकळी करावी लागत नाही, हात हलवावा लागत नाही, आणि फोन नुसता समोर धरला की काम होते.

चष्म्याशिवाय दिसणाऱ्या त्रिमितीची कहाणी याहून सरळ आणि थोडी खेदाची आहे. तिला असे दुसरे घर मिळाले नाही. योकोई यांचाच व्हर्च्युअल बॉय हा कन्सोल १९९५ मध्ये आला, लाल आणि काळ्या रंगात खोली दाखवणारा, आणि आठ लाखांच्या आत विक्री होऊन वर्षभरात बंद झाला. २०११ च्या निन्टेन्डो ३डीएसमध्ये तंत्र पुष्कळ सुधारलेले होते. पडद्यावर बारीक उभ्या फटींचा थर असतो, त्यामुळे पिक्सेलच्या एकाआड एक रांगा एकेका डोळ्याला दिसतात, आणि दोन डोळ्यांना दोन चित्रे मिळाली की मेंदू त्यातून खोली घडवतो. मान जरा हलली की चित्र फाटते, हा दोष सगळ्यांनी सांगितला. माझ्या मते निर्णायक गोष्ट वेगळी होती. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ही त्रिमिती वापरू नये, असा इशारा कंपनीनेच दिला होता, आणि ती बंद करण्यासाठी पडद्याच्या बाजूला सरकते बटण होते. मग त्रिमितीवाचून सुटणारच नाही असे कोडे गेममध्ये घालायचे कसे? प्रत्येक गेम ती बंद ठेवूनही पूर्ण खेळता आला पाहिजे, ही अट आली, आणि त्याच क्षणी ती सोय शोभेची झाली. २०१३ मध्ये निन्टेन्डोने त्याच कन्सोलची त्रिमितीविना स्वस्त आवृत्ती २डीएस या नावाने आणली. सगळे गेम तिच्यावर तसेच चालले.

या शेवटच्या गोष्टीतून खरेदीदाराला एक कामाची खूण मिळते: कंपनी स्वस्त आवृत्ती काढते तेव्हा आधी काय गाळते, ते पाहावे. २डीएसमधून त्रिमिती गेली, स्वस्त एक्सबॉक्स वनमधून काइनेक्ट गेला, आणि २०१९ च्या निन्टेन्डो स्विच लाइटमधून उजव्या कंट्रोलरमधला इन्फ्रारेड कॅमेरा गेला, ज्याची फारशी कुणाला आठवणही राहिली नाही. ही खूण आंधळेपणाने वापरू नये, कारण लाइटमधून टीव्हीला जोडण्याची सोयही गेली होती, आणि घरात टीव्हीवर, बाहेर हातात, ही तर स्विचची खरी देणगी आहे. तिचा उगम पुन्हा एका अपयशात आहे. २०१२ च्या वी यू या कन्सोलबरोबर पडदा असलेला मोठा कंट्रोलर मिळे, आणि टीव्हीवर एक चित्र व हातात दुसरे, अशी त्याची जाहिरात होती. नजर सारखी वर-खाली करावी लागे आणि बहुतेक गेमना दुसऱ्या पडद्यावर दाखवायला नकाशापलीकडे काही सुचले नाही. विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली. मात्र घरातले कुणी टीव्ही पाहत असेल तर तोच गेम हातातल्या पडद्यावर चालू ठेवता येतो, ही किरकोळ वाटणारी सोय लोकांना मनापासून आवडली. २०१७ च्या स्विचने तेवढीच उचलली. एकच टीव्ही आणि त्यावर सगळ्यांचा हक्क असलेल्या आपल्याकडच्या घरांना तिची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

सोय दोन्ही अटींना उतरूनही कधी कधी मरते, आणि तेव्हा दोष तिचा नसतो. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत आठ बिटचे नकली कन्सोल आले, त्यांच्यासोबत प्लॅस्टिकची बंदूक असे आणि पडद्यावरची बदके तिने टिपायची असत. आमच्याकडची ती बंदूक माळ्यावरून काढून भाच्याने नव्या टीव्हीवर लावून पाहिली. “मामा, कन्सोल चालतोय, पण एकही बदक पडत नाहीये,” तो म्हणाला. कारण समजून घेण्यासारखे आहे. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागापुरता सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. सेन्सरला आधी अंधार आणि मग नेमक्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. आधी अंधार यासाठी, की कुणी बंदूक बल्बकडे रोखून फसवू नये. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही चित्र आले की त्याच क्षणी रंगवत असे, तर आजचा एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते काही क्षण उशिरा दाखवतो. डोळ्याला तो उशीर कळत नाही, पण बंदुकीची वेळ तेवढ्यात टळून गेलेली असते. तंत्र चोख होते, लोकप्रिय होते, फक्त ते ज्या टीव्हीवर टेकले होते तो टीव्हीच घरांतून गेला.

या सगळ्या गलबल्यात ज्या बदलांनी गेम सर्वाधिक बदलले त्यांच्याबद्दल असा वाद कधी झालाच नाही. बॅटरीवर प्रगती जपणारे कार्ट्रिज, कन्सोलमधली हार्ड डिस्क, इंटरनेटची जोडणी, आणि अलीकडचा एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, हे सगळे बाहेरून दिसत नाहीत. प्लेस्टेशन ५ चा एसएसडी सेकंदाला ५.५ गिगाबाइट माहिती वाचतो, तर त्याआधीच्या पिढीची हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट मागे होती. पूर्वी पुढचा भाग वाचून होईपर्यंत खेळाडूला संथ लिफ्टमध्ये उभे करणे किंवा अरुंद फटीतून अंग चोरत जायला लावणे, अशा क्लृप्त्या गेम बनवणाऱ्यांना कराव्या लागत. आता नकाशा आखताना ते बंधन उरले नाही. जाहिरातीत दाखवण्यासारखे त्यात काही नसते, म्हणून पालक त्याबद्दल विचारत नाहीत. मी मात्र कन्सोलच्या किमतीतला मोठा वाटा आपण याच गोष्टीसाठी देतो आहोत असे त्यांना आवर्जून सांगेन.

आता ड्युअलसेन्सच्या ट्रिगरकडे परत यायला हरकत नाही. तो प्रत्येक प्लेस्टेशन ५ बरोबर मिळतो, म्हणजे गृहीत धरण्याची अट निम्मी पुरी होते. निम्मी यासाठी, की मोठे गेम एकाच वेळी एक्सबॉक्ससाठी आणि संगणकासाठीही निघतात, आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर असा ट्रिगर नाही. त्यामुळे धनुष्याची ताणलेली दोरी बोटाला जाणवणे हा सुंदर अनुभव राहतो, पण त्यावर खेळाचा निकाल अवलंबून ठेवता येत नाही. चुरशीचे गोळीबाराचे गेम खेळणारे तर अडथळ्यामुळे चाप उशिरा ओढला जातो म्हणून तो बंदच करतात. मुठीतले सूक्ष्म कंपन टिकेल, याची मला जवळजवळ खात्री आहे, कारण ते फुकट बातमी देते आणि काही मागत नाही. ट्रिगरचा अडथळा मोटारींच्या गेममध्ये, ब्रेकच्या पेडलचा जोर दाखवण्यासाठी, उरेल आणि बाकी ठिकाणी हळूहळू ओसरेल, असे मला वाटते. त्याच दुरुस्तीवाल्याने सांगितले की त्याच्याकडे सर्वांत जास्त येतात ते आपोआप सरकणाऱ्या स्टिकचे कंट्रोलर: स्टिक फिरली की आत एक पाते कार्बनच्या पट्टीवर घासते, आणि पट्टी झिजली की हात न लावताही गेममधला माणूस चालू लागतो. चुंबकाने, काहीही न घासता मोजणारी स्टिक सेगाच्या ड्रीमकास्टला १९९८ मध्येच होती. झिजेवरचा हा इलाज पंचवीस वर्षांत सगळीकडे पोहोचला नाही, आणि ट्रिगरमध्ये मात्र मोटर पोहोचली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ चा कंट्रोलर त्याच्या एका कडेवर टेकवून टेबलावर सरकवला की माउससारखा चालतो. या सोयीला हातभार लावणारी एक गोष्ट आधीच्या बहुतेकांना मिळाली नव्हती: तिच्यासाठी नवे गेम शोधून काढावे लागत नाहीत. संगणकावर माउसने खेळायचे युद्धनीतीचे आणि नेमबाजीचे गेम चाळीस वर्षे साठलेले आहेत, आणि सिव्हिलायझेशन ७ तर त्या यंत्रावर माउसनेच सोयीने खेळता येतो. सोय पेटीतच मिळते, सुटी घ्यावी लागत नाही. तिच्या विरोधात जाते ती बसण्याची रीत, कारण सोफ्यावर किंवा गादीवर बसून खेळणाऱ्यासमोर टेबल नसते आणि मांडीवर सरकवलेला कंट्रोलर तितका अचूक राहत नाही. टेबलाशी बसून खेळणाऱ्यांना हा कंट्रोलर आणखी वर्षभराने कसा वाटतो, आणि निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमशिवाय इतर कंपन्यांचे किती गेम माउस गृहीत धरून निघतात, यावर त्याचे भवितव्य ठरेल. आज पैज लावायचीच झाली तर मी ती तो टिकेल या बाजूने लावीन.